कातीव पानं

घरी कोणी नवीन आलं की हॉलमधल्या त्या एका फळीकडे बघून विचारतंच, ही एवढी जाडजूड जुनी पुस्तकं कसली आहेत, आणि मी सांगते, लेथची. मग जरा वेळ कोणी काही बोलत नाही. लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एमआयडीसीतली शेड येते, कूलंटचा वास, पायाखाली पडलेल्या गरम बरी, म्हणजे कातलेल्या धातूचा कीस, त्यावर कातडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं कोण कशाला काढेल असं वाटणं साहजिकच आहे. पण काढली. तीनेकशे वर्षं लोक काढत होते, आणि मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आले तेव्हापासून म्हणजे अकरा वर्षं झाली ती जमवतेय. पुष्कळ जण मेसेज करून विचारतात की नक्की काय जमवतेस, त्यामुळे एकदाचं नीट लिहून काढते.

आधी हे काम, म्हणजे ऑर्नामेंटल टर्निंग, लेथवरचं शोभेचं कातकाम, काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच लागणार नाही.

साधं कातकाम आपल्याला माहितीच आहे. पोळपाट, लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे कातीव खांब, सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखेची खेळणी, हे सगळं त्यातलंच. लाकूड फिरतं, कारागीर हत्यार धरून उभा राहतो, आणि जे तयार होतं ते गोल असतं. चेंडू असो, बाहुली असो की डबी, कापलं की आत गोलच निघणार. आता ह्या ऑर्नामेंटल टर्निंगमध्ये काय करतात, तर आधी वस्तू अशी साधी गोल कातून घेतात आणि मग जॉब, म्हणजे कातायची ती वस्तू, थांबवतात. पूर्ण थांबवतात, आणि आता हत्यार फिरवतात. लेथच्या वर छताजवळ एक चाकांची चौकट असते, पायाने पेडल मारलं की दोरी वरून फिरून खाली टूलपाशी येते आणि ते छोटंसं टूल भराभरा गरगर फिरतं. जॉब एका जागी अडकवलेला. एक कट घेतला, जॉब एक घर पुढे सरकवला, पुन्हा अडकवला, दुसरा कट. असं चोवीस वेळा, छत्तीस वेळा, कधी दीडशे-दोनशे वेळा. घरं मोजायला पुलीच्या तोंडावर भोकांची वर्तुळं असतात, ३६०, १९२, १४४, १२०, ११२, ९६ अशी, आणि त्यात एक स्प्रिंगची खुंटी बसते. एवढंच. बाकी सगळी करामत त्या टूलमध्ये, ते मध्यापासून किती बाजूला सरकवलंय, जॉब किती सरकवलाय, कट किती खोल घेतलाय. ह्या तीन-चार आकड्यांतून डबीच्या झाकणावर कमळ उमटतं, शिंपला उमटतो, वेताच्या टोपलीसारखी वीण उमटते.

आणखी एक प्रकार रोझ इंजिनचा. त्यात जॉब फिरतोच, पण लेथचं अख्खं डोकंच एका लाटालाटांच्या चकतीवर टेकून हलत राहतं, डुलल्यासारखं, त्यामुळे टूल जाग्यावर असूनही रेष लाटेसारखी येते. जुन्या खिशातल्या घड्याळांच्या डायलवर जी बारीक लहरींची नक्षी दिसते ती ह्याचीच.

माझे बाबा टर्नर. आयटीआय केलं आणि चिंचवडला एका कंपनीत तेहतीस वर्षं लेथवर उभे राहिले. शाळेत असताना मी डबा द्यायला जायचे तेव्हा ते लांबूनच हाताने थांब म्हणायचे, कट चालू असायचा. त्यांचा हात मायक्रोमीटरसारखा आहे हे मी कौतुकाने नाही म्हणत, मी स्वतः मेकॅनिकल करून आज टूल डिझाइनमध्ये आहे आणि मला माहितीये की असा हात किती जणांना असतो. तर इकडे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी हे-ऑन-वायला गेले होते, वेल्सच्या सीमेवरचं छोटंसं गाव, नुसती जुन्या पुस्तकांची दुकानं. एका दुकानात तळघरात इंजिनिअरिंगचं कपाट होतं, तिथे एक जाड पेपरबॅक सापडलं, होल्ट्झॅपफेल नावाच्या माणसाचं, १८८४ च्या पुस्तकाचं १९७३ मध्ये निघालेलं रिप्रिंट. उघडलं तर काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांच्या नक्ष्या. मला आधी वाटलं रांगोळीचं पुस्तक चुकून ह्या कपाटात आलंय. मग खाली बघितलं तर टूलच्या सेटिंग्ज लिहिल्या होत्या. आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

ते पुस्तक म्हणजे पाच खंडांच्या मालिकेतला शेवटचा खंड. आता ह्या घराण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण अर्धी फळी त्यांचीच आहे.

योहान याकोब, इंग्रजीत जॉन जेकब, होल्ट्झॅपफेल हा स्ट्रासबर्गकडचा कारागीर, १७९२ मध्ये लंडनला आला आणि १७९५ मध्ये त्याने पहिला लेथ विकला. पुढे चेरिंग क्रॉसला दुकान, लाँग एकरला कारखाना. गिऱ्हाईक म्हणजे सरदार, पाद्री, लष्करातले अधिकारी, ज्यांच्याकडे वेळ होता आणि पैसा होता असे लोक. सगळ्या अटॅचमेंट्ससकट एक मोठा लेथ घ्यायचा तर शेकडो पौंड लागायचे, त्या काळचे. प्रत्येक लेथला नंबर, आणि सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपासच बनले. त्याचा मुलगा चार्ल्स, त्याने ठरवलं की टर्निंगबद्दल जे जे माहिती आहे ते सगळं लिहायचं. पहिला खंड १८४३, दुसरा १८४६, आणि १८४७ मध्ये चार्ल्स गेला, चाळीस-एक्केचाळीसचा होता फक्त. तिसरा खंड १८५० मध्ये त्याच्या मागे निघाला. धंदा त्याच्या बायकोने, अमेलियाने सांभाळला, मुलगा तेव्हा लहान होता. मग त्या मुलाने, आजोबांचंच नाव लावणाऱ्या दुसऱ्या जॉन जेकबने, चौथा खंड १८७९ मध्ये काढला आणि पाचवा १८८४ मध्ये. मध्ये एकोणतीस वर्षं गेली. बापाने आखलेलं पुस्तक मुलाने एकोणतीस वर्षांनी पुन्हा हातात घेतलं, ह्या गोष्टीवर मी प्रत्येक वेळी थोडी थांबते. सहावा खंडही ठरला होता, तो कधी आलाच नाही.

पहिले तीन खंड हातात घेतले तर गंमत दिसते, पानांचे नंबर पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सलग चालत जातात, म्हणजे चार्ल्सच्या डोक्यात ते एकच पुस्तक होतं. आणि शोभेचं काम पाचव्या खंडात येतं. त्याआधी काय, तर पहिल्या खंडात मुख्यतः साहित्य. लाकडं, हस्तिदंत, शिंग, कासवाची पाठ, धातू, कुठून येतात, कशी वाळवायची, कुठली चिरते, कुठली टूलखाली तुटते. लाकडांची मोठी यादी आहे त्यात साग आहे, चंदन आहे. दुसऱ्या खंडात फक्त कापणारी हत्यारं, तिसऱ्यात घासणं आणि पॉलिश. म्हणजे नक्षी काढायला शिकायचं असेल तर आधी हजाराच्या वर पानं लाकूड, धार आणि पॉलिश. मला ही शिस्त फार आवडते. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले बरोबरच आहे, आम्हाला आयटीआयत पहिले कित्येक महिने फाइल, म्हणजे कानस, मारायलाच लावली होती.

आता आट्यांची गोष्ट. होल्ट्झॅपफेलच्या लेथच्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, नाकावर जे आटे असतात, ज्यावर जॉब पकडणारा चक बसतो, ते इंचाला ९.४५ आहेत. नऊ नाही, साडेनऊ नाही, नऊ पॉइंट चार पाच. आज ज्याच्याकडे असा जुना लेथ आहे आणि नवीन चक बनवायचाय त्याला हा आकडा पाठ असतो, कारण साध्या लेथच्या गिअरवर तो सरळ बसतच नाही. मी बाबांना फोनवर हा आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे माझ्याकडे पहाटे, त्यांचा मेसेज, वहीच्या पानाचा फोटो, चेंज गिअरचं गणित, कुठले दोन कंपाउंड गिअर लावले तर किती जवळ जाता येईल. रिटायर होऊन सात वर्षं झाली होती तेव्हा त्यांना. त्या दिवसापासून हा छंद आमचा दोघांचा झाला.

जमवायला लागले तेव्हा मला जुन्या पुस्तकांचं काहीच कळत नव्हतं. आवृत्ती म्हणजे काय, प्लेट, म्हणजे वेगळी छापून आत बांधलेली चित्रांची पानं, मोजायच्या असतात, बांधणी मूळची की नंतरची, काही नाही. ठेच लागली ती लगेचच. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून, नाव नाही घेत, इव्हान्सचं पुस्तक घेतलं. हा इव्हान्स म्हणजे जे. एच. इव्हान्स, हाही लंडनचाच लेथ बनवणारा, त्याचं ऑर्नामेंटल टर्निंगवरचं पुस्तक १८८६ चं. वर्णनात लिहिलं होतं संपूर्ण प्रत. पार्सल आलं, बांधणी छान, कागद स्वच्छ, दोन दिवस मी ते उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी प्लेटची यादी काढून एकेक मिळवायला बसले तर चार प्लेट नाहीत. आणि फाटलेल्या नाहीत, ब्लेडने कापलेल्या, शिवणीपाशी अगदी सरळ, अर्ध्या सूताची कड राहिलेली. फ्रेम करून विकायला काढल्या असणार. कळवलं तर उत्तर आलं की इतक्या जुन्या पुस्तकात असं चालायचंच. मला पैशांपेक्षा त्या सरळ कापाचं जास्त लागलं. ज्याने कोणी कापलं त्याचा हात चांगला होता, स्टीलची पट्टी लावून कापलं होतं, आणि तो हात त्याने ह्यासाठी वापरला.

तेव्हापासून नियम केला, कुठलंही पुस्तक घेण्याआधी विक्रेत्याला प्लेटची यादी पाठवायची आणि एकेक टिक करून मागायची. जे कंटाळतात त्यांच्याकडून घ्यायचं नाही. यादी कुठून आणायची, तर ह्या विषयाची एक अख्खी ग्रंथसूची आहे, एबल, लेगॅट आणि ऑग्डन ह्या तिघांनी केलेली. इथे १९४८ पासून सोसायटी ऑफ ऑर्नामेंटल टर्नर्स नावाची मंडळी आहेत, त्यांच्यामुळे ती छापली गेली. ज्यांना कोणाला सुरुवात करायचीय त्यांनी आधी ती सूची मिळवा, पुस्तकं मग. मी उलटं केलं.

आणि दुसरी एक गोष्ट मी हळूहळू शिकले, ती मात्र बाकीच्या कलेक्टर लोकांच्या बरोबर उलटी आहे. त्यांना स्वच्छ प्रत हवी असते. मला डाग पडलेली हवी असते. तेलाचा अंगठा, मेणबत्तीचा थेंब, पानांच्या बेचक्यात अडकलेला लाकडाचा भुसा, समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे. कॅटलॉगमध्ये असली प्रत दोष म्हणून लिहितात, किंमत कमी लावतात, आणि मी त्यासाठीच थांबलेली असते. कारण ही पुस्तकं वाचायला काढलेलीच नव्हती, लेथशेजारी उघडी ठेवून काम करायला काढली होती. स्वच्छ प्रत म्हणजे कोणीतरी विकत घेतली, बांधून घेतली, आणि कपाटात ठेवली. डाग पडलेली प्रत म्हणजे कोणीतरी पेडलवर पाय ठेवून ह्या पानाकडे बघत होता. माझ्या तिसऱ्या खंडात पॉलिशच्या प्रकरणापाशी पानांना अजून कसलातरी चिकट पिवळा थर आहे, लाखेचा असावा, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. मी खरवडत नाही.

ह्या पुस्तकांतल्या नक्ष्यांबद्दल एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. साध्या पुस्तकात चित्र म्हणजे चित्रकाराने वस्तू बघून काढलेलं. इथे तसं नाही. लेथवर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ती नक्षीच कापायची, ठोकळ्याला शाई लावायची आणि कागदावर दाबायचा. जिथे टूल गेलं तिथे शाई नाही, म्हणून रेष पांढरी आणि बाकी सगळं काळं. म्हणजे पानावर दिसतं ते वस्तूचं चित्र नाही, ते टूल जिथून गेलं त्याचा ठसाच आहे. आणि होल्ट्झॅपफेलवाले तर हौशी लोकांसाठी घरगुती छापखानाही विकायचे, छोटा टेबलावरचा प्रेस, आणि त्याचं माहितीपुस्तकही काढलं होतं, १८४६ ची आवृत्ती आहे त्याची. म्हणजे गिऱ्हाइकाने नक्षी कापावी, स्वतः छापावी आणि मित्राला पाठवावी. संध्याकाळी खिडकीपाशी असं पान तिरकं धरलं की काळ्या भागाला जरा चमक असते आणि रेषा मॅट असतात, बोट फिरवावंसं वाटतं.

फ्रेंच लोकांचं थोडं सांगते, कारण खरं तर सुरुवात त्यांनी केली. मला फ्रेंच येत नाही, ह्या बाबतीत मी चित्रांवरच जगते. बर्जेरोंचं टर्नरसाठीचं मॅन्युअल, त्याचा पहिला खंड १७९२ चा आणि दुसरा १७९६ चा, पॅरिसला. त्या चार वर्षांत पॅरिसमध्ये काय चाललं होतं ते आठवा, राजाचं डोकं उडवलं गेलं, रस्त्यावर गिलोटिन, आणि कोणीतरी टर्निंगचं मॅन्युअल छापून पुरं करत होतं. बर्जेरों हे खरं नावही नाही, सालिव्हे नावाच्या गृहस्थाचं टोपणनाव. १८१६ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, तिच्याबरोबर प्लेटचा वेगळा ॲटलास. त्यातल्या लाकडांच्या नमुन्यांच्या प्लेट हाताने रंगवलेल्या आहेत. माझ्याकडे त्या ॲटलासमधली पानं नाहीत, सुटी विकत मिळतात पण मी घेत नाही, कारण वर सांगितलंच.

आणि मग प्ल्युमिए. शार्ल प्ल्युमिए, मार्सेचा, १६४६ चा जन्म, सोळाव्या वर्षी मठात गेला, साधूच होता तो. टर्निंगवर सविस्तर असं पहिलं अख्खं पुस्तक ह्याचं, लिओंला १७०१ मध्ये छापलेलं, एका कॉलमात फ्रेंच, शेजारी लॅटिन. हे माझ्या ऐपतीबाहेरचं आहे आणि राहणार आहे, म्हणून मी ते ब्रिटिश लायब्ररीत जाऊन बघितलं. वाचक कार्ड काढायचं, पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल, आणि पुस्तक फोमच्या उतरत्या गाद्यांवर ठेवून पानांवर शिसं भरलेली कापडी दोरी ठेवायची म्हणजे पान उडत नाही. माझ्या शेजारी एक आजोबा कसलीतरी हस्तलिखितं बघत होते. मी पहिलं पान उलटलं तेव्हा कागदाचा आवाज आला, जाड, कापडासारखा, आजच्या कागदाचा येतच नाही तसा. प्लेटमध्ये लेथचे भाग सुटे सुटे काढलेत, प्रत्येकाला अक्षर, आणि मला जाणवलं की मी वाचू शकतेय, एकही शब्द न कळता. हा मँड्रेल म्हणजे मधला फिरणारा दांडा, ही रोझेट म्हणजे ती लाटालाटांची चकती, ही स्प्रिंग रोझेटवर दाबून धरायला. तीनशे वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग आणि मी ऑफिसमध्ये बघते तसंच बघत होते, हे कुठे अडकेल, इथे झीज होईल. रशियाच्या पीटर द ग्रेटने ह्या पुस्तकाचं रशियन भाषांतर करून घेतलं होतं, स्वतः टर्निंग करायचा तो, नार्तोव्ह नावाचा खास टर्नर होता त्याच्या पदरी.

पण मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. हा प्ल्युमिए चौदाव्या लुईचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. वेस्ट इंडीजला तीन वेळा गेला, झाडं बघितली, काढली, नावं ठेवली, मॅग्नोलिया आणि बेगोनिया ही नावं त्याचीच. चौथ्यांदा निघाला आणि १७०४ मध्ये स्पेनमध्ये काडिझजवळ वारला. त्याच्या आठवणीने एका झाडाला नाव दिलं, प्लुमेरिया. प्लुमेरिया म्हणजे आपला चाफा. देवळाच्या आवारात, विहिरीपाशी असतो तो पांढरा, मध्ये पिवळा, फांदी मोडली की चीक येतो तो. आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात अंगणात होता, मी त्याच्या फुलांच्या अंगठ्या करायचे. ते झाड मूळचं अमेरिकेकडचं हे मला माहिती होतं, पण त्याचं शास्त्रीय नाव एका टर्नरचं आहे हे त्या दिवशी लायब्ररीत बसून कळलं. बाहेर येऊन आधी बाबांना फोन केला. ते म्हणाले, चाफ्याचं लाकूड मऊ असतं, कातायला चांगलं नाही.

नाशिकशी संबंध आहे तोही इथेच सांगते. इबेटसन नावाचा एक हौशी टर्नर होता, जॉन होल्ट इबेटसन, त्याचं एक्सेंट्रिक टर्निंगच्या, म्हणजे मध्य बाजूला सरकवून केलेल्या कातकामाच्या, नमुन्यांचं पुस्तक, माझ्याकडे १८३८ ची तिसरी आवृत्ती आहे, फळीवरचं मला सगळ्यात लाडकं. ह्याने टर्निंग सोडून आणखी एक पुस्तिका काढली होती, १८२० च्या सुमारास, बँकेच्या नोटांची नक्कल कशी थांबवावी ह्यावर. तेव्हा इंग्लंडमध्ये एक आणि दोन पौंडांच्या कागदी नोटा अगदी साध्या होत्या, कोणालाही नक्कल करता यायची, आणि नकली नोटांसाठी गरीब माणसं शेकड्यांनी फासावर गेली. इबेटसनचं म्हणणं साधं होतं. हाताने काढलेली रेष दुसरा हात काढू शकतो, पण लेथवर काढलेली नक्षी त्याच सेटिंग्ज माहिती असल्याशिवाय कोणी जुळवू शकत नाही. आकडे गुप्त ठेवा, नक्षी उघडी ठेवा. हा विचार त्याचा एकट्याचा नव्हता, पुष्कळ लोक त्याच काळात हेच म्हणत होते, आणि शेवटी हेच झालं. जगातलं पहिलं चिकटवायचं पोस्टाचं तिकीट, १८४० चं पेनी ब्लॅक, त्यात राणीच्या डोक्यामागे जी बारीक जाळी आहे ती इंजिन टर्निंगचीच, म्हणजे वर सांगितलेल्या रोझ इंजिनच्या जातीच्या कामाचीच आहे.

मी नाशिकरोडला मामाकडे सुट्टीला जायचे. मामा प्रेसमध्ये होता. इंडिया सिक्युरिटी प्रेस, तिकिटं आणि स्टॅम्प पेपर छापणारा, १९२५ पासूनचा, आणि शेजारी नोटांचा करन्सी नोट प्रेस, तो १९२८ चा. तो काय काम करतो हे आम्हा मुलांना कधी सांगायचा नाही, विचारलं तर आंबे कापायला घ्यायचा. मागच्या वर्षी आईने जागेचे जुने कागद स्कॅन करायला माझ्याकडे दिले होते, त्यात शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर होता. मी तो इबेटसनच्या शेजारी ठेवला आणि दहा पटीचं भिंग लावलं. स्टॅम्पच्या मागची गुलाबासारखी फिरलेली रेष, एकावर एक सरकत जाणारी वर्तुळं, मध्ये उमललेली पोकळी. आता हे सगळं काँप्युटरवर होतं हे मला कळतं. पण चाल तीच. वर्तुळ घ्यायचं, मध्यापासून बाजूला सरकवायचं, एक घर फिरवायचं, पुन्हा वर्तुळ. १८३८ च्या पानावर आणि आईच्या खरेदीखतावर एकच चाल होती आणि मी भिंग इकडून तिकडे नेत किती वेळ बसले होते मला आठवत नाही.

एका बाबतीत मला ही पुस्तकं वाचवत नाहीत, तेही लिहिते. हस्तिदंत. पानोपानी आहे. हस्तिदंत टूलखाली कसा कापला जातो, कसा पॉलिश होतो, कुठला दात घ्यावा, सगळं इतक्या प्रेमाने लिहिलंय आणि तो हत्ती होता ह्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. इथल्या लिलावांत जुन्या कातीव हस्तिदंती वस्तू पूर्वी खूप यायच्या, आता कायदा कडक झालाय तेव्हापासून कमी झाल्या आणि ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. मी वस्तू जमवत नाही, पुस्तकंच. ती पानं मी फाडणार नाही, पण ती वाचताना मला त्रास होतो आणि तो होऊ दे.

गेल्या मे महिन्यात आई-बाबा दोन महिने इकडे आले होते. बाबांनी आल्या आल्या हात धुतले, चष्मा लावला आणि फळीपाशी खुर्ची ओढून बसले. त्यांना इंग्रजी कामापुरतंच येतं, ही जुनी इंग्रजी तर नाहीच. पण ते रोज दुपारी जेवण झालं की पाचवा खंड, रिप्रिंट नाही, मूळ १८८४ चा, मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवायचे आणि एकेक प्लेट बघायचे. पान उलटायच्या आधी बोट पँटला पुसायचे. कारखान्यात ड्रॉइंग हातात घेताना करायचे तसंच.

ह्या प्रतीच्या समासात पेन्सिलीच्या नोंदी आहेत, आधीच्या कोणा मालकाच्या, म्हणूनच तर मी ती घेतली होती. एका पानावर चोवीस वर्तुळांची नक्षी आहे, एकमेकांत गुंफलेली, आणि शेजारी बारीक तिरक्या अक्षरात लिहिलंय, ९६ चं वर्तुळ, दर पाचवं भोक. आणि त्याच्या पुढे निळ्या शाईत, वेगळ्या हातचं, एक प्रश्नचिन्ह. मी हे पान शंभर वेळा बघितलं असेल. प्रश्नचिन्ह कशाबद्दल आहे ह्याचा कधी विचारच केला नाही.

बाबांनी मला स्वयंपाकघरातून बोलावलं. आईची टाचणी घेऊन ते नक्षीतली वर्तुळं मोजत होते, टोक कागदाला न लावता, वरून.

"चोवीसच आहेत ना गं? तू मोज."

मोजली. चोवीस.

"मग हे चुकलंय. शहाण्णववर पाच-पाचने गेलं तर एकोणीस वेळा जाऊन पंच्याण्णव होतात, एक भोक उरतं. नक्षी जुळणारच नाही, फिरत बसेल. शहाण्णव घ्यायचं तर चार-चारने जायचं. आणि पाचच घ्यायचे असतील तर वर्तुळ एकशेवीसचं."

मी म्हटलं, "मग हे प्रश्नचिन्ह?"

"त्याने करून बघितलं असणार," बाबा म्हणाले. "जॉब वाया गेला असणार त्याचा."

आणि ते बराच वेळ त्या निळ्या खुणेकडे बघत राहिले. कोण होता, कुठे होता, कुठलं लाकूड वाया गेलं, काही कळायला मार्ग नाही, पण त्याला काय वाटलं असेल हे बाबांना माझ्यापेक्षा नीट कळत होतं. कंपनीत जॉब रिजेक्ट झाला की ते त्या रात्री जेवताना बोलायचे नाहीत.

मी त्यांना म्हटलं, तुम्हीही लिहा पेन्सिलीने, समासात जागा आहे. तर नाही म्हणाले, दुसऱ्याच्या पुस्तकात कसं लिहायचं. मी म्हटलं, बाबा माझं आहे पुस्तक. तरी नाही. मग आईच्या औषधांच्या चिठ्ठीची मागची बाजू घेतली, पट्टी लावून सरळ फाडली, आणि त्यावर मराठी आकड्यांत लिहिलं, १२० ÷ ५ = २४, खाली ९६ ÷ ४ = २४, आणि त्याखाली दोन्ही चालेल. तारीख घातली. चिठ्ठी त्या पानात ठेवली, नक्षीवर येणार नाही अशी, शिवणीच्या बाजूला.

ते परत गेले जुलैत. जुन्या पुस्तकात असा साधा कागद ठेवला की त्यातल्या आम्लाचा डाग पानावर उतरतो हे मला माहितीये, दुसऱ्या कुठल्याही पुस्तकातून मी तो लगेच काढला असता. हा तिथेच आहे.